खिडक्या खडखडल्या म्हणजे पाण्याखाली स्फोट झाला का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. गोव्यात झुवारी नदीच्या काठी आजोबांच्या वेळचं चिरेबंदी घर आहे. गेल्या मंगळवारी दुपारी आधी फडताळातली भांडी किणकिणली आणि सात-आठ सेकंदांनी खिडक्या जोरात खडखडल्या. शेजाऱ्यांपैकी कुणी भूकंप म्हणालं, कुणी विमान, कुणी समुद्रातला स्फोट. भूकंपाची बातमी कुठेच आली नाही. त्यातच घरापासून साधारण ४०० मीटरवर जेटीसाठी नदीतला खडक सुरुंगाने फोडणार असं कानावर आलंय. मंगळवारी काय झालं आणि घराला, विहिरीला, मासळीला धोका आहे का, हे तुम्हाला हवंय.

यात दोन वेगळे प्रश्न आहेत. सत्तावीस वर्षं मी सुरुंगाची कंपनं मोजतोय, आधी डिचोली-सांगे भागातल्या खाणींवर आणि पुढे बंदरांच्या कामांवर. लोक हे दोन प्रश्न एकत्र करतात आणि मग दोन्हींची उत्तरं चुकतात, हे मी नेहमी पाहतो. जमिनीतून येणारा हादरा ही एक गोष्ट, पाण्यातून जाणारा धक्का ही दुसरी. काठावर उभ्या माणसाला पहिली जाणवते आणि तो तिच्यावरच बोलतो. खरा जोर दुसऱ्या गोष्टीत असतो आणि तो काठावरून दिसत नाही.

आधी मंगळवारचं बघू. तुम्ही सेकंद मोजलेत, त्यामुळे बरंच काही सांगता येतं.

कुठलाही स्फोट एकाच वेळी तीन वाटांनी निघतो. कठीण खडकातून लहर सेकंदाला पाच-सहा किलोमीटर जाते, पाण्यातून दीड किलोमीटर आणि हवेतून अवघी ३४० मीटर. म्हणजे दहा किलोमीटरवर स्फोट झाला तर जमिनीचा हादरा दोन सेकंदांत पोचतो, पाण्यातला आवाज सहा-सात सेकंदांत आणि हवेतला धमाका जवळजवळ अर्ध्या मिनिटाने. खडकातली आणि हवेतली लहर यांच्यात दर किलोमीटरमागे पावणेतीन सेकंदांचं अंतर पडतं, असं ढोबळ धरा. तुमच्याकडे सात-आठ सेकंद होते. स्फोट एकच असेल तर तो अडीच ते तीन किलोमीटरवरचा.

भांडी आधी आणि खिडक्या नंतर, हा क्रमही बोलका आहे. भांडी जमिनीच्या हादऱ्याने किणकिणतात. खिडक्या हवेच्या दाबाने खडखडतात. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या तर हवेतल्या अगदी हलक्या धक्क्यालाही बोलतात, कारण त्या खोबणीत सैल बसलेल्या असतात. खिडक्यांचा आवाज मोठा होता म्हणजे हवेतली लहर जोरकस होती. खोल पाण्यातल्या स्फोटाची हवेतली लहर सहसा कमजोर असते. पाण्यातून वर आलेला आवाज पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळा परत खाली फिरतो, हवेत अगदी थोडा निसटतो. म्हणून माझा कल जमिनीवरच्या सुरुंगाकडे जातो. त्या टप्प्यात दगडाची खाण, रस्त्याचं कटिंग किंवा मोठ्या पायाचं काम चालू आहे का ते पाहा. दुपारी आपल्याकडे वारा समुद्रावरून आत वाहतो आणि वाऱ्याच्या दिशेने आवाज जमिनीलगत वाकून दूर जातो, तेव्हा आधी पश्चिमेकडे शोधा.

विमान? लढाऊ विमान आवाजाच्या वेगापुढे गेलं की होणारा धमाका सगळा हवेतूनच येतो, त्यात भांडी सात सेकंद आधी वाजणार नाहीत. भूकंप मात्र इतक्या सहज बाजूला ठेवता येत नाही. भूकंपातही दोन धक्के येतात, आधी पी लहर आणि मागून हळू एस लहर. त्यांच्यातलं अंतर सेकंदांत मोजून आठने गुणलं की केंद्र अंदाजे किती किलोमीटरवर ते कळतं. तुमच्या हिशेबाने साठ किलोमीटर. पण साठ किलोमीटरवरच्या भूकंपाची पी लहर भांडी वाजवते म्हणजे तो चांगला मोठा असणार, आणि तसा भूकंप पेडण्यापासून काणकोणापर्यंत, म्हणजे सगळ्या गोव्यात, जाणवला असता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा गोव्यातही लोक घराबाहेर आले होते. कोयना इथून सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे तिथल्या भूकंपात दोन धक्क्यांमध्ये पंचवीस-तीस सेकंद जायला हवेत. तुमच्या वर्णनात ते बसत नाही.

तरीही हा अंदाजच आहे. दोन वेगळे सुरुंग सात सेकंदांच्या फरकाने उडाले असतील तर माझा सगळा हिशेब कोसळतो.

आता पाण्याखालचा स्फोट भूकंपमापकावर ओळखू येतो का, याबद्दल. येतो, आणि फार सुरेख ओळखू येतो. पाण्यात स्फोट झाला की दोन गोष्टी घडतात. पहिली शॉक वेव्ह, म्हणजे मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ टिकणारा दाबाचा उभा कडा. दुसरी, स्फोटातल्या तापलेल्या वायूचा फुगा. तो फुगत जातो, आतला दाब आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कमी झाला तरी पाण्याच्या वेगामुळे फुगतच राहतो. मग बाहेरचं पाणी त्याला चेपतं. तो आकसतो, पुन्हा उसळतो, पुन्हा आकसतो. प्रत्येक आकसण्याला पाण्यात एक ठोका बसतो. दोन ठोक्यांमधला काळ स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाबरोबर वाढतो आणि खोलीबरोबर कमी होतो. ४० मीटर खोलीवर १०० किलो टीएनटीचा फुगा साधारण ०.३७ सेकंदाने ठोका देतो. तेवढंच स्फोटक ९० मीटरवर नेलं तर ०.२१ सेकंदाने. खोली माहीत असेल तर ठोक्यांच्या अंतरावरून वजन काढता येतं.

हे कागदावरचं गणित वाटू नये म्हणून एक उदाहरण. १२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात कुर्स्क ही रशियन अणुपाणबुडी बुडाली, ११८ जण गेले. नॉर्वेच्या भूकंप-केंद्रांवर त्या दिवशी दोन नोंदी आल्या होत्या. आधी एक लहान, आणि २ मिनिटं १५ सेकंदांनी कितीतरी मोठी, साडेतीन रिश्टरच्या आसपासची. दुसऱ्या नोंदीतल्या वारंवारता सुट्या करून पाहिल्या तेव्हा त्यात सारख्या अंतरावर उंचवटे दिसले, साधारण १.४५ हर्ट्झच्या टप्प्यांनी. याचा अर्थ ०.६९ सेकंदाचा ठोका. भूकंपाला असा ठोका नसतो. शंभर मीटरच्या आसपासच्या खोलीला हा आकडा मी सूत्रात घालून पाहिला तेव्हा साडेचार टन आले, आणि अभ्यासकांचा प्रसिद्ध अंदाज तीन ते सात टनांचा आहे. पाण्याखाली कुणी पाहिलेलं नसताना, शेकडो किलोमीटरवरच्या एका तारेच्या थरथरीतून हे कळलं. ही नोंद मी पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती. त्या दोन स्फोटांमधल्या सव्वादोन मिनिटांचाच विचार येत राहिला.

बाकी खुणा अशा. स्फोट सगळ्या बाजूंना बाहेर ढकलतो, म्हणून चहूकडच्या केंद्रांवर पहिली हालचाल वरच्या दिशेने असते. भूकंपात जमीन सरकते, त्यामुळे काही केंद्रांवर वर आणि काहींवर खाली. द्रव पदार्थातून एस लहर जातच नाही, त्यामुळे पाण्यातल्या स्फोटाची एस लहर दुबळी असते. शिवाय पाणी स्फोटाची ऊर्जा खाली तळाला छान पोचवतं. जमिनीवर उघड्यावर उडवलेल्या स्फोटकापेक्षा पाण्याखालचं तेवढंच स्फोटक भूकंपमापकावर कितीतरी मोठं दिसतं. २६ सप्टेंबर २०२२ ला बाल्टिक समुद्रात नॉर्ड स्ट्रीमच्या वायुवाहिन्या फुटल्या, ते स्वीडन-डेन्मार्कच्या केंद्रांनी लगेच टिपलं, दोन रिश्टरच्या थोडं वर.

आणि खोल समुद्रात तर आवाजाला स्वतःचा बोगदाच असतो. ठराविक खोलीला आवाजाचा वेग सगळ्यात कमी असतो, तिथे शिरलेला आवाज वरखाली वाकत पुन्हा त्याच थरात येतो, पृष्ठभागाला आणि तळाला न लागता. १९६० साली ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या समुद्रात उडवलेले साधारण १३५ किलो स्फोटकाचे चार्ज अटलांटिकमधल्या बर्म्युडाला ऐकू आले, पावणेचार तासांच्या आसपास प्रवास करून. याच गुणाचा उपयोग अणुचाचणीबंदीच्या जलध्वनी केंद्रांना होतो. २०१७ मध्ये अर्जेंटिनाची सान हुआन पाणबुडी हरवली तेव्हा अटलांटिकमधल्या असेन्शन आणि हिंदी महासागरातल्या क्रोझेच्या केंद्रांनी तो आवाज टिपला होता.

पण झुवारी म्हणजे बॅरेंट्स समुद्र नव्हे. इथे सात-आठ मीटर पाणी, तळाला मऊ चिखल, खाली खडक. १० मीटर खोलीवर ५० किलोचा फुगा पावणेपाच मीटर त्रिज्येपर्यंत फुगू शकतो. त्याहून उथळ पाण्यात तो वरून फुटून जातो, पाण्याचा खांब उडतो आणि दुसरा ठोका येतच नाही. त्यातून पावसाळा असेल तर लाटांची स्वतःची गुणगुण भूकंपमापकावर इतकी वाढते की लहानसहान नोंद तिच्यात बुडून जाते. म्हणून नदीतल्या छोट्या सुरुंगासाठी दूरच्या केंद्राची वाट पाहू नका. मोजायचं ते तुमच्या भिंतीपाशी.

आता जेटी. इथे सगळं अवलंबून आहे ते एका आकड्यावर, आणि लोक तोच विचारत नाहीत. लोक विचारतात, एकूण किती स्फोटक वापरणार? विचारायला हवं, एका डिलेला, म्हणजे एका वेळी उडणाऱ्या एका टप्प्याला किती? सुरुंगाची भोकं एकदम उडवत नाहीत, काही मिलिसेकंदांच्या फरकाने एकामागून एक उडवतात. समजा एकूण २०० किलो आहे. नेहमीचं सूत्र आणि सरासरी खडकाचा स्थिरांक धरला तर ते एकदम उडवल्यास ४०० मीटरवर जमिनीचा वेग सेकंदाला साडेपाच मिलिमीटरच्या आसपास जातो. तेच ५०-५० किलोच्या चार डिलेत विभागलं तर पावणेदोन मिलिमीटर. स्फोटक तेवढंच, हादरा एक तृतीयांश. खाणींसाठी डीजीएमएसने (खाण सुरक्षा महासंचालनालयाने) १९९७ मध्ये घालून दिलेल्या मर्यादा मी पाहिलेल्या बंदर-कामांवरही करारात धरल्या होत्या. साध्या घरांना ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यावर १५. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना याहून कडक, २, ५ आणि १०.

वारंवारतेकडे मुद्दाम लक्ष वेधतो. एक-दोन मजली घरांची स्वतःची डुलण्याची लय साधारण ४ ते १२ हर्ट्झमध्ये पडते. तुमचं घर जांभ्याच्या कातळावर असेल तर हादरा झटपट, वरच्या वारंवारतेचा येतो आणि घर तो सोसतं. घर खाजनाकडेच्या (नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीकडेच्या) भराव्यावर किंवा गाळावर असेल तर तोच हादरा संथ होऊन, वाढून येतो. म्हणून सूत्रातला स्थिरांक पुस्तकातून उचलायचा नसतो. आधी छोटे चाचणी-सुरुंग, वेगवेगळ्या अंतरांवर जिओफोन (जमिनीचा हादरा मोजणारी यंत्रं), आणि त्यावरून या जागेचा स्वतःचा आकडा. हे न करता थेट काम सुरू करणाऱ्याला तुम्ही थांबवायलाच हवं.

माणसाला अर्ध्या मिलिमीटरचा हादराही कळतो. घराला जाणवणं आणि घराला इजा होणं यांत मोठं अंतर आहे, आणि त्या अंतरात सगळी भांडणं होतात. त्यावर उपाय पहिल्या सुरुंगाच्या आधी करायचा. प्रत्येक खोलीचे फोटो तारखेसह काढा. असलेल्या भेगांच्या टोकांवर पेन्सिलने खूण करा, भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा. भेग सरकली तर काच तडकते, वाद उरत नाही. विहिरीची पातळी रोज सकाळी पाणी उपसायच्या आधी दोरीने मोजून लिहा, किमान तीन आठवडे. माझ्याकडे आलेल्या विहिरींच्या बहुतेक तक्रारी मार्च-एप्रिलच्या होत्या, आणि जांभ्यातली विहीर त्या दिवसांत सुरुंगाशिवायही उतरते. पाणी दोन दिवस गढूळ होणं मात्र मी सुरुंगानंतर खरोखर पाहिलंय.

आता पाण्याबद्दल. त्याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे.

अंतर दुप्पट केलं की जमिनीतला हादरा एक तृतीयांश होतो. पाण्यातला दाब निम्म्याहून थोडाच कमी होतो. ५० किलो टीएनटी पाण्यात मोकळं लटकवून उडवलं तर १०० मीटरवर शिखर-दाब साडेबारा बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेचा नेहमीचा दाब) घरात येतो, ४०० मीटरवरही अडीच बारच्या वर. म्हणजे ज्या अंतरावर तुमच्या भिंतीला काही होत नाही, त्याच अंतरावर पाण्यात पोहणाऱ्या पोराच्या कानाला आणि फुप्फुसांना धोका आहे. उथळ नदीत वरून परतणारी लहर हा धक्का लवकर तोडते, चिखलही थोडा शोषतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा जागेवर मोजावाच लागतो. पण मोजल्याशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही. पाणी मऊ असतं म्हणून धक्का शोषतं, हा समज मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलाय. पाणी दबत नाही, म्हणून धक्का पोचवतं.

मोकळा चार्ज आणि भोकातला चार्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खडकात भोक पाडून, आत स्फोटक भरून, वर खडी ठासली तर ऊर्जा खडक फोडण्यात जाते आणि पाण्यात जाणारा दाब मोकळ्या चार्जच्या कितीतरी खाली येतो. खडकावर नुसतं स्फोटक ठेवून उडवणं स्वस्त आणि झटपट आहे, आणि मासळीचा सत्यानाश करणारं आहे. तुमच्या जेटीवर कुठली पद्धत आहे, हा दुसरा प्रश्न लेखी विचारा.

मासा का मरतो? त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. लहर पृष्ठभागावरून परतते तेव्हा दाबाऐवजी ताण घेऊन येते, पिशवी फुगून फाटते. चोणक, तामसो, मुड्डोशी यांना ही पिशवी आहे. मोरी, वाघळी आणि मोठा लेपो यांना नाही, शिंपल्यातल्या तिसऱ्यो-शिनाण्यांनाही नाही, ते बरेच वाचतात. पिशवी फाटलेला मासा तरंगत नाही, बुडतो. एका कामावर आम्ही आठ घरांना जिओफोन लावले आणि पाण्यातला दाब मोजणारा एकच हायड्रोफोन, तोही बार्जच्या सावलीत. काठावरचे सगळे आकडे मर्यादेत आले. ओहोटीबरोबर खाली दीड किलोमीटरवर रांपणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांच्या, जाळ्यात मेलेली मासळी आली तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावून दाखवली. तळाला किती पडली होती ते कुणीच मोजलं नाही. त्या दिवसापासून मी पाण्यात किमान तीन हायड्रोफोन असल्याशिवाय कागदावर सही करत नाही.

दाब कमी करता येतो. चार्जभोवती तळाला छिद्रांची नळी टाकून दाबाची हवा सोडली की बुडबुड्यांचा पडदा उभा राहतो. हवा दबते, लहर तिथे मोडते. झुवारीच्या प्रवाहात हा पडदा वाहून जातो, म्हणून भरती संपून पाणी थबकतं त्या थोड्या वेळातच सुरुंग उडवायचा. त्याआधी अर्धा तास चारही बाजूंना होडीतून नजर, डॉल्फिन दिसला की थांबायचं. आपल्या नदीमुखांत कुबड्या डॉल्फिन येतात, त्यांचं ऐकणं हेच त्यांचं पाहणं आहे. १८९७ च्या मत्स्य कायद्याने स्फोटकांनी मासे मारणं गुन्हा आहे, पण तो मारण्याच्या हेतूबद्दल बोलतो. बांधकामातल्या सुरुंगाला अटी परवानगीतच घालून घ्याव्या लागतात, आणि त्या घालताना रांपणकार आणि तिसऱ्यो काढणाऱ्या बाया त्या खोलीत बसलेल्या असायला हव्यात.

तुमच्या जेटीच्या परवानगीची प्रत मिळाली की त्यात चार गोष्टी पाहा. एका डिलेचं कमाल वजन, भोकाची आणि वरच्या ठासणीची लांबी, पाण्यात किती अंतरावर किती दाब मान्य केलाय, आणि मोजणी कोण करणार. शेवटच्या रकान्यात सुरुंग उडवणाऱ्या कंत्राटदाराचंच नाव असेल तर तिथेच हरकत घ्या. आणि पुढच्या वेळी भांडी किणकिणली की घड्याळाकडे पाहू नका, मोबाइलवर लगेच आवाज रेकॉर्ड करायला लावा. किणकिणणं आणि खडखडणं दोन्ही त्यात आलं की मधले सेकंद मी बसून मोजून देईन.